न जळणारा पत्रा आणि तुमच्या शाळेचं छप्पर

तुमच्या गावच्या शाळेवर छप्पर कसलं आहे? कौलारू आहे, जस्ती पत्र्याचं आहे, की करड्या रंगाच्या, जाड, पन्हाळीदार सिमेंटच्या पत्र्याचं आहे? हा प्रश्न साधा वाटतो. पण पोरांनी दिवसाचे पाच-सहा तास ज्याच्याखाली बसायचं, ते छप्पर कशाचं हे गुरुजींना आणि गावकऱ्यांना ठाऊक असायलाच हवं. तामिळनाडूतल्या कुंभकोणम इथं १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागली. वर शाकारलेलं छप्पर होतं. ते पेटलं आणि ९४ मुलं प्राणाला मुकली. छपराचा आणि आगीचा संबंध काय, हे सांगायला याहून दुसरं उदाहरण नको.

तेव्हा छप्पर न जळणारं हवं, हे उघड आहे. पण न जळणारी प्रत्येक वस्तू निर्धोक असते का? आणि दुकानदार ‘साहेब, हे आगीला दाद देत नाही’ असं म्हणाला, म्हणजे ते खरंच तसं असतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला आपण मुंबईच्या उपनगरांत जाऊ. कारण न जळणाऱ्या मालाचा कारखाना, त्याचा खप आणि त्याची किंमत, या तिन्ही गोष्टी तिथं एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात.

मुंबईहून ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, घाटकोपरहून विक्रोळी, भांडुप करीत मुलुंडला जातो. मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं. पण कारखाने त्याच्या आधीच आले होते. ब्रिटनमधल्या टर्नर अँड न्यूऑल या कंपनीनं १९३४ साली ‘अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड’ ही कंपनी काढली. तीच पुढे ‘एव्हरेस्ट’ या नावानं घरोघर माहीत झाली. पहिला कारखाना मध्य प्रदेशातल्या कैमोरला निघाला, आणि पाठोपाठ मुलुंडला.

हा पत्रा होतो कसा? अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड. पण हा दगड कुटला की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. आणि कापूस जळतो, हे तंतू जळत नाहीत. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक युक्ती काढली. सिमेंट, पाणी आणि थोडे तंतू कालवायचे, त्या लगद्याचे पातळ थर एकावर एक चढवायचे आणि ओला असतानाच त्याला पन्हाळीचा आकार द्यायचा. साधारणपणे शंभर भागांत नव्वद भाग सिमेंट आणि आठ-दहा भाग तंतू. भिंतीच्या कुडात आपण चिखलात भुसा घालतो, तसलाच हा प्रकार. भुशाचं काम तंतू करतात.

माल खपायला वेळ लागला नाही. गवताचं छप्पर पेटतं. कौलं दरसाल शाकारावी लागतात, वर माकडं ती फोडतात. जस्ती पत्रा गंजतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, वाळवी लागत नाही, जस्ती पत्र्यापेक्षा कमी तापतो आणि कमी वाजतो. गिरण्या, गुदामं, रेल्वेचे फलाट, चाळी, दवाखाने आणि शाळा यांवर तो चढला. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला मागणी. उपनगरातल्या टेकड्यांवर झोपडी बांधणारा माणूस पहिली चार वर्षं ताडपत्रीखाली काढी आणि हातात पैसा आला की आधी पत्रा घाली. पत्रा चढला म्हणजे घर झालं, अशी समजूत.

आता किमतीकडे येऊ. दुकानात मोजली ती किंमत नव्हे, दुसरी.

इंग्लंडात रॉचडेल या गावी टर्नर ब्रदर्स यांच्याच अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत नेली कर्शॉ नावाची एक कामगार बाई होती. १९२४ साली, वयाच्या तिशीच्या आतबाहेर, ती वारली. तिची फुप्फुसं तपासली तेव्हा त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण रुतलेले सापडले. हे तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात, आणि धूळ जशी खोकल्यानं बाहेर पडते तसे पडत नाहीत. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. फुप्फुसाला जिथं तिथं वण पडतात, ते ताठरतं, आणि माणसाला जिना चढताना धाप लागू लागते. याला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ म्हणतात. यातूनच कर्करोगही होतो. ब्रिटिश सरकारनं १९३१ साली या कारखान्यांतल्या धुळीबद्दल नियम केले. तारखा नीट पाहा. नियम १९३१ चे आणि आपल्याकडची कंपनी १९३४ ची. म्हणजे माल इथं आला तेव्हा त्याची खोड तिकडे कळलेली होती.

हा रोग आज धूळ आणि उद्या खोकला, असा येत नाही. दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी येतो. त्यामुळे कामगार निवृत्त होऊन कोकणात किंवा देशावर आपल्या गावी परततो, तिथं त्याला दम लागतो, आणि गावातला डॉक्टर क्षय समजून औषध देतो. मुंबईत तो काय काम करीत होता, हे कुणी विचारीतच नाही. मुलुंडला पत्रे होत होते, तर घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचं लायनिंग आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं विणलेलं कापड होत असे. अशा कारखान्यांत काम केलेला कुणी वडीलधारा तुमच्या गावात असेल, तर त्याला डॉक्टरकडे नेताना एवढं एक वाक्य आवर्जून सांगा: ‘यांनी अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलं आहे.’

सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ रोजी या कामगारांच्या बाबतीत महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांत जी मुदत उशिरा संपेल तोवर जपून ठेवावी, असं त्यात सांगितलं. आणि रोग सिद्ध झालेल्या कामगारास एक लाख रुपये भरपाईही ठरवली. चाळीस वर्षं का, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. ब्रिटननं १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉस बंद केलं आणि युरोपीय संघातल्या इतर देशांनी २००५ पर्यंत. आपल्याकडे खाणींना नवे परवाने देणं १९८६ पासून थांबलं. पण बाहेरून आणलेल्या तंतूंचा पत्रा बनवायला आणि विकायला अजून मुभा आहे. मुलुंडच्या त्या कारखान्यातलं काम मात्र बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, ‘आमच्या शाळेवर हाच पत्रा आहे, मग पोरांना झाडाखाली बसवायचं की काय?’ घाबरू नका. पत्रा अखंड असेल तर तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. धोका असतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि खराट्यानं शेवाळ खरवडताना. म्हणून काही गोष्टी पाळा. पत्र्याला भोक पाडायचं असेल तर आधी पाणी मारा, हातानं फिरवायचा सामता वापरा, विजेचा कटर लावू नका, आणि मुलं शाळेत नसताना काम करा. फुटका पत्रा कुटून वाटेवर किंवा जोत्यात भर घालू नका. ही चाल फार गावांत आहे, आणि ती वाईट आहे. तुकडे ओले करून जाड पिशवीत बांधा आणि त्यांची विल्हेवाट कुठं लावायची ते पंचायतीमार्फत विचारा. तुकड्यावर चूल मांडू नका. आगीत हा पत्रा पेटत नाही हे खरं. पण तो तडतडून फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात.

नवं छप्पर घालायचं असेल तर ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ तंतूंचा सिमेंटचा पत्रा आता मिळतो. भारतीय मानकांत त्याला वेगळा क्रमांक आहे: आय. एस. १४८७१. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पन्हाळी पत्र्याचा क्रमांक आय. एस. ४५९. दिसायला दोन्ही सारखेच. तेव्हा रंग पाहून घेऊ नका. पत्र्यावरचा छाप वाचा आणि पावतीवर लिहून घ्या.

पत्र्याची गोष्ट झाली. पण आज उपनगरांतल्या बाजारात पत्रा हा एकच माल नाही. कुठं काय खपतं हे तिथल्या इमारती पाहून कळतं. अंधेरीला १९७३ पासून सीप्झ आहे, औद्योगिक वसाहत आहे, काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या आहेत. तिथं गारव्याच्या यंत्रांच्या नळांना गुंडाळायची काचलोकर, आगीचे दरवाजे, पोलादावर लावायचा फुगणारा रंग यांना मागणी. बोरिवलीला राहत्या सोसायट्या. तिथं वरच्या मजल्यावरचा माणूस गच्ची तापते म्हणून रडतो, त्याला ऊन अडवणारा थर हवा. मुलुंडला कारखान्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. तिथं वायरींच्या वाटा आणि जिने धुरापासून बंद करण्याचा माल लागतो. घाटकोपरच्या टेकड्यांवर अजून पत्राच. म्हणजे खप ठरतो तो तीन गोष्टींनी: ऊन, कायदा आणि खिसा. आगीची भीती मात्र आग लागून गेल्यावर महिनाभर टिकते.

इथं एक मोठा घोटाळा होतो, तो समजून घ्या. ऊन अडवणारा माल आणि आग अडवणारा माल, या दोन वेगळ्या जाती आहेत. थर्माकोल ऊन छान अडवतो. पण शंभर अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, पेटला की काळाकुट्ट धूर सोडतो. दोन पत्र्यांच्या मध्ये पिवळा फोम भरलेले तयार फळे मिळतात. वर्ग थंड राहतो, पण तो फोम जळला तर त्याचा धूर विषारी असतो. उलट काचलोकर काचेची, ती जळत नाही. पाषाणलोकर तर त्याहून टणक: आपल्या सह्याद्रीचा जो काळा पाषाण, तसलाच दगड भट्टीत वितळवून साखरेच्या म्हाताऱ्याच्या केसांसारखे त्याचे धागे काढतात, हजार अंशांच्या उष्णतेतही ते टिकतात. जिप्समच्या पाटीत वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी दगडातच बांधलेलं असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जातं, आणि तोवर पाटीमागची बाजू फार तापत नाही. पोलाद जळत नाही, पण साडेपाचशे अंशांच्या सुमारास त्याचं निम्मं बळ जातं. म्हणून त्यावर तो फुगणारा रंग. आणि आपली साधी विटांची भिंत? ती दोन्ही बाबतींत इमानी आहे.

हा घोटाळा किती महागात पडतो, हे लंडनला दिसलं. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या इमारतीला आग लागली. ऊब राहावी आणि शोभा यावी म्हणून तिला बाहेरून जे आवरण चढवलं होतं, तेच पेटलं. ७२ माणसं गेली. आपल्या अंधेरीत १८ जुलै २०१४ रोजी लोटस बिझिनेस पार्क या काचेनं मढवलेल्या इमारतीला आग लागली, आणि ती विझवायला चढलेले अग्निशमन दलाचे जवान गच्चीवर अडकले. नौदलाच्या हेलिकॉप्टरनं काहींना उतरवलं. एका जवानाचा प्राण गेला. आगीत माणूस बहुधा ज्वाळेनं नव्हे, धुरानं मरतो. धुराला वाट हवी आणि माणसालाही.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याप्रमाणे ज्या इमारतींना अशी व्यवस्था बंधनकारक आहे, त्यांच्या मालकानं ती चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यायचा असतो. तुमचा मुलगा मुंबईत खोली घेत असेल, तर भाडं विचारतो तसा हा दाखलाही विचारायला त्याला सांगा.

आणि गावात? शाळेला माल घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. हा जळतो का? जळला तर धूर कसला येतो? आणि हे कुठल्या मानकाप्रमाणे तपासलं आहे, ते लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला जो गडबडतो, त्याचा माल घेऊ नका. फक्त उन्हासाठी खर्च करायचा असेल तर आधी पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि त्यात जळण्यासारखं काही नाही. वर्गाला दुसरं दार ठेवा, ते बाहेर उघडू द्या, आणि त्याच्यापुढं बाकं किंवा पोषण आहाराची पोती रचू नका. चूल आणि गॅस वर्गापासून दूर ठेवा.

मुलुंडचा पत्रा विकत घेणाऱ्यांनी चूक केली असं म्हणता येत नाही. त्यांना आगीपासून घर वाचवायचं होतं, आणि पत्रा करणाऱ्या हातांचं काय होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आता ठाऊक आहे. उद्या शाळेत गेलात की मान वर करून छपराकडे एकदा पाहा, आणि मग दाराकडे.