तीन टप्प्यांची पहिली शर्यत

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केलेल्या असतात. त्याच एकामागून एक, मध्ये विसावा न घेता करावयाच्या, म्हणजे ट्रायथलॉन. हे नाव निघाले की डोळ्यांपुढे हवाई बेटांवरची ‘आयर्नमॅन’ शर्यत उभी राहते. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणे! ऐकूनच माणूस हात जोडतो. पण या घराण्यात एक धाकटे भावंडही आहे. त्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात, आणि त्याची मापे ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर अशी आहेत. नोकरी-संसार सांभाळून तीन-चार महिने नेमाने सराव करणाऱ्या निरोगी माणसाच्या आवाक्यातली ही गोष्ट आहे. कसलेले खेळाडू ती तासाभराच्या आत उरकतात. तुम्हांआम्हांला दोन तासांच्या आसपास लागतात. लागेनात का!

हा खेळ तसा अलीकडचा. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरी, मिशन बे या खाडीच्या काठी, धावपटूंच्या एका क्लबाने अशी शर्यत भरवली. जॅक जॉन्स्टन आणि डॉन शानाहान हे तिचे योजक. ४६ जण उतरले. वेळ संध्याकाळची होती. शेवटचे गडी पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा काठावर मोटारींचे दिवे लावून त्यांना वाट दाखवावी लागली. त्या शर्यतीची सुरुवात धावण्याने झाली होती. आज क्रम बदलला आहे. आधी पाणी, मग सायकल, शेवटी धाव. हे बरेच झाले म्हणायचे. कारण दमलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसू शकतो, पाण्यात त्याला बसता येत नाही.

आणि माझ्या मते नवख्याचा सारा प्रश्न पाण्याचाच आहे. सायकल आणि धाव यांची चिंता लोक महिनोन्‌महिने करतात. घात व्हायचा तर तो पहिल्या पाच-दहा मिनिटांत होतो. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८५ ते २०१६ या काळातल्या तेथील शर्यतींची छाननी केली. मृत्यू किंवा अकस्मात हृदय बंद पडणे अशा १३५ घटना त्यांना आढळल्या, आणि त्यांपैकी ९० पाण्यातल्या होत्या. शर्यतीत उतरणाऱ्या लाखो लोकांच्या मानाने हा आकडा लहान आहे, हे खरे. तरी चाळिशी उलटलेल्या पुरुषांचे प्रमाण त्यांत अधिक होते, हे ध्यानात घ्यावे. नाव नोंदविण्याआधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. चालताना छातीत दडपण येत असेल, घेरी येत असेल, तर ‘बघू पुढे’ म्हणून टाळू नका.

पाण्यात होते काय? बहुतेक जण तोंड पाण्याखाली असताना श्वास कोंडून धरतात. मग मान वळवली की त्या क्षणभरात श्वास सोडायचाही आणि घ्यायचाही. तेवढा वेळ पुरत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. फुप्फुसांत हवा असते, तरी माणसाला वाटते, आपण बुडालो! त्यात शंभर माणसांचे हातपाय भोवती आपटत असतात, खाली तळ दिसत नाही, पाणी गार असते. घाबरून तो अधिकच जोरात हात मारतो, आणि दम आणखी तुटतो. यावर उपाय अगदी साधा आहे. तोंड पाण्यात असतानाच बुडबुडे काढीत श्वास सोडत राहायचे, म्हणजे मान वळवल्यावर फक्त घेण्याचेच काम उरते. हे अंगवळणी पडायला काही आठवडे जातात. पहिला महिना याच एका गोष्टीला द्या.

आपल्याकडे पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत शिकलेला माणूस खोल पाण्याला भीत नाही. पण तो डोके वर काढून पोहतो, त्याने कंबर खाली जाते आणि शंभर मीटरांत मान भरून येते. उलट, शहरातल्या तलावात शिकलेल्याला श्वासाचे तंत्र येते, पण तळाशी आखलेली काळी रेघ दिसेनाशी झाली की त्याचे अवसान गळते. पंचवीस मीटरांच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस लांब्या. तेवढ्या न थांबता जमू लागल्या की जाणत्या सोबत्याबरोबर, जीवरक्षक असेल तिथेच, उघड्या पाण्यात सराव करावा. एकट्याने कधीही नाही. तिथे दर आठ-दहा हातांनी डोळे वर करून पुढचा बोया पाहायची सवय लावावी, नाहीतर ७५० मीटरांचे हजार होतात!

एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. या शर्यतीत कसेही पोहलेले चालते, बेडकासारखे, उताणे, कसेही. इतकेच नव्हे, दम लागला तर बोया किंवा मदतीची होडी धरून विसावाही घेता येतो. तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही, एवढेच. सुरुवातीला कडेला, मागच्या बाजूला उभे राहा. गर्दी जाऊ द्या. छाती धडधडू लागली तर उताणे व्हा आणि दहा-बारा श्वास मोजा.

पुढचे सोपे आहे. पाण्यातून निघून सायकलीपाशी यायचे, तर तिथे शेकडो सायकली देवळाबाहेरच्या चपलांसारख्या! आपली जागा आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकलीला हात. उलट केले तर दंड होतो. सायकल महागडी नको, ब्रेक धड हवेत. बहुतेक हौशी शर्यतींत दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून जायला मनाई असते.

सायकलीवरून उतरून धावू लागले की पाय आपले वाटतच नाहीत, लाकडासारखे जड होतात. स्नायूंना नव्या कामाची लय सापडेपर्यंत असे होते. पाच-दहा मिनिटांनी ते सुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा सायकलीनंतर लगेच दीड-दोन किलोमीटर धावावे, आणि शर्यतीत पहिला किलोमीटर मुद्दाम हळू घ्यावा. शेवटची रेघ ओलांडल्यावर एकदम बसू नका. थोडे चाला, पाणी प्या. आणि अंगावरचा क्रमांक फेकू नका. तो दाखविल्याशिवाय तुमची सायकल तुम्हांला परत मिळत नाही.