नाव घातलेलं तसराळं

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरचं पोतं खाली येतं. त्यात काय नसतं! पितळी वाडगी, काशाच्या वाट्या, बूड काळं पडलेलं तसराळं, दांडा हलणारं ओगराळं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "काढून टाका एकदाची, मोडीला भाव चांगला आलाय." बहुतेक घरांत ती जातातही. ताजव्यात पडलं की तसराळं काय अन् नळाची तोटी काय, सगळं किलोवर.

मैत्रिणींनो, जुन्या भांड्यांचा संग्रह म्हटलं की ती पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांची कामं, असं आपल्याला वाटतं. खरं सांगू का, परभणी, सेलू, मानवत, गंगाखेडच्या कितीतरी घरांत आजही वाढायची दहा-पंधरा जुनी भांडी सहज निघतील. आपण त्याला संग्रह म्हणत नाही, अडगळ म्हणतो, एवढंच.

पुण्याला बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. सहलीला गेलात तर देवळांच्या यादीत तेही घाला. काका केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा त्यांचा जीव स्वयंपाकघरात आणि माजघरात जास्त रमला. दिवे, अडकित्ते, भांडी, सगळं त्यांनी गोळा केलं आणि १९७५ साली राज्य शासनाच्या हवाली केलं. अहमदाबादला सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये नुसत्या भांड्यांचं संग्रहालय उभं केलं. जुनी भांडी भट्टीत वितळायला चाललेली त्यांना बघवली नाहीत.

आपल्याकडं ती भट्टीत गेली त्याला कारणंही तशीच होती. १९७२ च्या दुष्काळात घरातला दाणा संपला तेव्हा आधी हंडे-घागरी गेल्या, मग परात, मग वाट्या. सासूबाई सांगतात, बाजारात भांडं मांडून बसलेल्या बाया खाली मान घालून बसायच्या. तेव्हा विकणाऱ्यांना नावं ठेवायचं आपल्याला काहीच कारण नाही. पुढं चांगले दिवस आले, पण सोबत स्टील आलं. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही. रोजच्याला आधीच जर्मनची भांडी होती. पाच किलो पितळ देऊन स्टीलचा डबा आणला की शेजारणी बघायला यायच्या! आता तर संक्रांतीच्या वाणातसुद्धा प्लास्टिकची वाटी येते आणि होळीपर्यंत तिला तडा जातो.

पण या भांड्यांवर एक गोष्ट असते, तिच्याकडं आपलं लक्ष जात नाही. नाव. पूर्वी छिन्नीनं टिंबं टिंबं मारून नाव घालायचे. रुखवतातलं भांडं असेल तर मुलीचं, आंदणातलं असेल तर देणाऱ्या मामाचं किंवा काकाचं, कधी गाव आणि सालही. आमच्या घरात आजेसासूबाईंचं एक पितळी तसराळं आहे. त्यावर त्यांचं माहेरचं नाव आहे. सातबाऱ्यावर त्या नाहीत. रेशनकार्डावर आहेत, पण सासरच्या नावानं. माहेरचं नाव लिहिलेली घरातली वस्तू ती एकच. माझ्या मुलीला ते नाव त्या तसराळ्यावरूनच कळलं. हे मोडीत घातलं असतं तर किती रुपये आले असते, याचा हिशेब घरात दोनदा झालाय. दोन्ही वेळा सासूबाईंनी ते उचलून देवघरात नेऊन ठेवलं.

माझ्या समाजकार्यात या नावाचा वेगळाच उपयोग दिसतो. नवरा-बायकोचं फाटलं, बाई माहेरी आली, की दागिन्यांवर वाद होतोच, पण भांड्यांवरही होतो. "हे आमच्याच घरचं," असं सासरचे म्हणतात. भांड्यावर मुलीचं नाव असलं की बोलणं तिथंच थांबतं. लग्नात मुलीला मिळालेलं स्त्रीधन तिच्या मालकीचं असतं. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम १४ नं बाईची मिळकत पूर्णपणे तिची ठरवली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगितलं की स्त्रीधन सासरच्या ताब्यात असलं तरी मालकी बाईचीच राहते. म्हणून घरातली भांडी मोडीला काढताना, जिची आहेत तिला आधी विचारा. सासू असो की सून. आणि मुलीला काही देणार असाल तर त्यावर नाव घाला, तेही तिचंच, जावयाचं नको.

आता वापराचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. काशाच्या वाटीला बोटानं टिचकी मारा, देवळातल्या घंटेसारखा नाद लांबत जातो. पण कासं ठिसूळ. हातातून फरशीवर सुटलं तर पितळेला पोचा येतो आणि काशाला चीर जाते. चीर गेलेली वाटी बद्द वाजते, घेताना आधी वाजवून बघा. पितळ म्हणून दिलेल्या वस्तूला लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. हल्ली शहरांतल्या दुकानांत नवीच वाडगी काळी करून 'अँटिक' म्हणून विकतात. त्यापेक्षा मावशीच्या माळ्यावर शोधा, चार पैसे वाचतील आणि गोष्टही ऐकायला मिळेल.

पितळेत ताक, चिंचेचं सार, आंबट वरण ठेवलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना शिकवावं लागत नव्हतं. आंबटानं तांबं सुटतं आणि ते पोटाला बाधतं. म्हणून आतून कल्हई हवीच. काशातही आंबट फार वेळ ठेवू नये, वाढलं की संपवावं. तूप काशाच्या वाटीतून वाढायला छान दिसतं, पण त्यात साठवू नका. दहा दिवस काशात राहिलेलं तूप खाऊ नये, असं आयुर्वेदानं विरुद्ध आहारात सांगून ठेवलंय. काशाच्या वाटीचा दुसरा उपयोग तर ठाऊक आहेच, तळपायाला तेल लावून घासायला. त्यासाठी तरी एक ठेवाच.

कल्हईवाला कुठं मिळतो, हा सगळ्यांचा प्रश्न. पूर्वी गल्लीत भाता लावून बसायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, कथलाची पट्टी टेकवली की कापसाच्या बोळ्यानं सर्रकन चांदी फिरल्यासारखं व्हायचं. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथंच. आता मला एक खात्रीची जागा सापडलीय. मुस्लिम मोहल्ल्यात लग्नाचं जेवण अजून तांब्याच्या देगांत आणि लगनांत शिजतं, त्यांना कल्हई लागतेच. देगा भाड्यानं देणाऱ्या दुकानात विचारा, ते माणूस सांगतात. फक्त कथील शुद्ध वापरायला सांगा. फार स्वस्तात करून देणाऱ्याच्या पट्टीत शिसं असू शकतं, आणि शिसं पोरांना फार वाईट. पंजाबात जंडियाला गुरू गावच्या ठठेरा कारागिरांची भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या कल्हईवाल्याला निदान वर्षातून एकदा काम तरी मिळावं.

रोज वापरा असं मी म्हणणार नाही, घासायचं आपल्यालाच आहे. पण पंगतीला येसरीची आमटी कल्हईच्या तसराळ्यातून ओगराळ्यानं वाढून बघा, पाहुणे आधी भांड्याचंच विचारतात. हुरड्याला शेंगदाण्याची चटणी पितळी वाडग्यात ठेवा. काम झालं की चिंच-मीठ किंवा लिंबाच्या सालीनं बाहेरून घासा, लगेच कोरडं करा. कल्हईच्या बाजूला तारेची घासणी लावू नका.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बचत गटात प्रत्येकीनं वाणाऐवजी घरातलं एक जुनं भांडं आणायचं ठरलं, दाखवायला फक्त. सतरा भांडी आली. अकरांवर नावं होती. त्यातली चार घासूनही लागली नाहीत, टिंबं पार झिजलीत. एकीनं आयडिया सांगितली की कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली तर अक्षरं उठतील. पुढच्या बैठकीला पेन्सिली घेऊन बसणार आहोत.