गावची पाटी आणि माणसांची नावे

सोलापूरकरांना चार हुतात्म्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांची नावे येथले शाळकरी पोरही सांगते. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, ती माणसे कोणत्याही चौकात उभी नाहीत. ती गावातल्या एका संगमरवरी पाटीत आहेत, आणि तेथेही नावाने नव्हेत, आकड्याने आहेत.

१९१४ साली सुरू झालेले पहिले महायुद्ध आटोपल्यावर, ज्या गावांतून पुष्कळ माणसे पलटणीत गेली होती, तेथे इंग्रज सरकारने अशा पाट्या बसविल्या. साताऱ्या-रत्नागिरीकडे त्या आढळतात. मजकूर ठरीव साच्याचा : ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावची ४६ माणसे त्या युद्धात कामास आली. तेथे स्मारक आहे, आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हे शेपूट कायमचे जोडले गेले आहे. ४६ हा आकडा वाचून होतो. पण ४६ घरे डोळ्यांपुढे आणून पाहावी.

विलायतेतही त्याच सुमारास गावोगाव स्मारके उभी राहिली, बहुधा चर्चच्या आवारात. परदेशी पडलेल्यांची प्रेते मायदेशी आणायची नाहीत असा तिकडे निर्णय झाला होता. तेव्हा ज्या आईला मुलाची कबर पाहणे नशिबी नव्हते, तिच्यासाठी गावच्या क्रुसाखालचे त्याचे नाव हीच कबर. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या तबेल्यातला पोऱ्या एकाच यादीत. म्हणून ते क्रूस आज तिकडे वारसा म्हणून सांभाळले जातात. त्यांतले शिल्प पुष्कळदा सामान्यच असते. मोल आहे ते नावांना.

आमच्याकडे ही कल्पना नवी होती असे मात्र कोणी समजू नये. सोलापूर जिल्ह्यात मारुतीच्या देवळापाशी, वेशीजवळ वीरगळ पाहिले नाहीत असा माणूस विरळा. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. त्यांवरही बहुधा नाव नसते, हे कबूल केले पाहिजे. पण तेथे निदान एक माणूस कोरलेला असतो; आकडा कोरलेला नसतो.

मुंबईस कुलाब्यात अफगाण चर्च आहे. १८५८ साली पूर्ण झालेले हे चर्च अफगाणिस्तान-सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांचे स्मारक आहे. तेथील लेखाचा आशय असा की, अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर आहेत. शिपाई मात्र इतके मेले की त्यांची नावे लिहिणे शक्य झाले नाही. भिंत काही लहान नव्हती!

उलट भीमा-कोरेगावचा स्तंभ घ्या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली. ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार शिपायांची २२ नावे त्यांत आहेत. उभारणाऱ्याचा हेतू स्वतःच्या विजयाचा होता. पण नावे दगडावर होती, म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले तेव्हा एका समाजाला आपले पूर्वज त्या दगडावर वाचता आले. स्मारक कोणी उभारले आणि ते पुढे कोणाचे झाले, ह्या दोन गोष्टी निराळ्या असतात.

आता पहिल्या महायुद्धाकडे परत येऊ. आपल्याकडचे पुष्कळ शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. कूट येथे त्यांना तुर्कांचा वेढा पडला. अन्न संपले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे कैदेत पुष्कळ मेले. त्या आघाडीच्या मृतांसाठी १९२९ साली बसऱ्याचे स्मारक झाले. ४०,००० हून अधिक मृतांचे. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे. हिंदी अंमलदाराचे आहे. साध्या हिंदी शिपायाच्या जागी मात्र पलटणीचे नाव आणि मेलेल्यांची संख्या. फ्रान्समधील नव शापेल येथे, १९२७ च्या स्मारकावर, हिंदी शिपायांची नावे कोरलेली आहेत. सरकार तेच, युद्ध तेच. युरोपात पाहणारे होते, बसऱ्यात नव्हते, एवढाच अर्थ आम्हांला लागतो. सर्व मृत सारखे हे ब्रीद मिरविणाऱ्या युद्धकबर आयोगाने २०२१ साली ह्या भेदाची कबुली दिली.

कोणी विचारील, परक्या सरकारच्या युद्धात मेलेल्यांची पाटी स्वतंत्र देशाने कशाला जपायची? प्रश्न रास्त आहे; चार हुतात्म्यांच्या गावात तर तो विचारलाच पाहिजे. पण कोरडवाहू जमिनीवर भागत नाही म्हणून पलटणीत गेलेला पोरगा आणि त्याला पाठविणारे सरकार ह्यांना एकाच मापाने मोजणे आम्हांला पटत नाही. पाटी जपली म्हणजे सरकारला मुजरा केला, असे होत नाही.

ह्या पाट्यांना आता शंभर वर्षे होऊन गेली. आपल्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याने प्राचीन स्मारकाला वयाची हीच अट घातली आहे. मात्र कायदा गावोगावच्या पाटीपाशी पहारा ठेवील ही आशा व्यर्थ. जुनी चावडी पाडून नवी बांधताना पाटी राडारोड्यात जाऊ न देता काढून ठेवावी आणि नव्या भिंतीत बसवावी. तीवर ऑइलपेंट फासू नये. अक्षरे पुसट झाली असतील तर छिन्नीने खोल करू नयेत. फोटो काढून ठेवावा.

नावांचे काय? ती अगदीच गेलेली नाहीत. दगडावर नसली तरी आयोगाच्या नोंदींत पुष्कळ मिळतात, आणि कित्येक नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. गावचा शाळामास्तर ती यादी शोधू शकेल. इंग्रजीत वेडीवाकडी झालेली आडनावे म्हाताऱ्या माणसांकडून ताडून घेता येतील. मग जुन्या पाटीला हात न लावता तिच्या शेजारी दुसरी पाटी लावावी, मराठीत, आणि तीवर आकडा न घालता एकाखाली एक नावे लिहावी.