बालाघाटचे सीताफळ

परळी वैजनाथहून अंबाजोगाईकडे निघाले की बालाघाटच्या माळांवर सीताफळाची झुडपे दिसतात. त्यांना कोणी पाणी घातलेले नसते. उन्हाळ्यात पाने गाळून ती तग धरतात. शेळ्याही त्यांच्या वाटेस जात नाहीत. बीडच्या या फळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

बियांपासून वाढलेले प्रत्येक झाड मात्र निराळे. एकाच्या फळात गर भरपूर, दुसऱ्याच्या फळात नुसत्या बिया! म्हणून उत्तम झाड हेरून त्याची काडी गावरान खुंटावर कलम करावी लागते. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचा ‘धारूर-६’ हा वाण अशाच निवडीतून आला. संकर त्याहून जिकिरीचा; फुलातील स्त्रीकेसर आधी पक्व होते, पराग मागाहून सुटतो, त्यामुळे तो हाताने लावावा लागतो.

व्यापाऱ्याची अडचण वेगळीच. उतरवलेले फळ तीन-चार दिवसांत मऊ पडते. गोडीइतकाच टिकाऊपणाही निवडीत पाहिला जावा. कोणत्या पाटीतील फळ अधिक टिकले, हे आडतीवर प्रथम कळते. ते कोणत्या झाडाचे, हे तेव्हाच विचारून ठेवावे. ते झाड सरपणासाठी तुटले, तर नुसत्या बियांतून तोच गुण परत मिळण्याची खात्री नसते.