गर्भनिरोधक गोळ्या सुरू करताय? आधी बीपी बघा, मग पाकीट फोडा

वाळपई / प्रतिनिधी :

फार्मसीत गर्भनिरोधक गोळ्या मागितल्या की बहुतेक वेळा पाकीट कागदात गुंडाळून लगेच हातात मिळते. वय किती, बीपी आहे का, बाळ किती महिन्यांचे, हे सहसा कोणी विचारत नाही. काउंटरवर चार ओळखीची माणसे उभी असताना विचारणार तरी कसे? वाळपईसारख्या लहान शहरात सगळेच ओळखीचे. त्यामुळे कित्येकदा गोळ्या आणायला नवरा जातो, नाहीतर शेजारणीला मानवली म्हणून तीच गोळी घरात येते.

गोळी वाईट नाही, हे आधीच सांगितलेले बरे. बहुतेक निरोगी बायकांना ती चालते. पण काही जणींना ती अजिबात चालत नाही, आणि त्या कोण हे चार-पाच साध्या प्रश्नांतून कळते. धोका आहे तो हे प्रश्न न विचारताच गोळी सुरू करण्यात.

गोळीत असते काय?

सरकारी केंद्रात फुकट मिळणारी ‘माला-एन’ आणि दुकानात कमी दरात मिळणारी ‘माला-डी’ यांतले औषध एकच. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स असतात, उरलेल्या ७ लोहाच्या. गोळीमुळे बीजांड बाहेर पडत नाही, म्हणून गर्भ राहत नाही. अमेरिकेत १९६० मध्ये पहिल्या गोळीला मंजुरी मिळाली, तेव्हा हार्मोन्सचे प्रमाण आजच्या कितीतरी पट जास्त होते. आता ते खूप कमी झाले आहे, पण इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची शक्यता थोडी वाढते, ती अजूनही आहे.

ती किती वाढते? गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण दोघींच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. माला-एनसारखी गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ५ ते ७ असतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तो याहून जास्त असतो. म्हणजे निरोगी बाईसाठी जोखीम लहानच आहे. ज्यांच्या अंगात आधीच काही कारण आहे, त्यांचा हिशेब मात्र वेगळा.

कोणी ही गोळी घेऊ नये?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये. यांतल्या बऱ्याच बाबतींत उत्तर ‘नको’ असेच येते.

- बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर असणे. १६०/१०० च्या वर तर ही गोळी नाहीच.
- वय ३५ किंवा जास्त आणि सिगारेट-विडीची सवय. मिशेरी लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.
- अर्धशिशी, आणि डोके दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमक दिसणे किंवा अंगाच्या एका बाजूला मुंग्या येणे. अशांना पक्षाघाताचा धोका वाढतो. चमक दिसत नसली तरी पस्तिशीनंतर अर्धशिशी असेल तर सांगावेच.
- पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी, हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला असणे.
- स्तनाचा कर्करोग, चालू कावीळ किंवा यकृताचा गंभीर आजार.
- खूप वर्षांचा मधुमेह, किंवा मधुमेहाने डोळे-किडनीवर परिणाम झालेला असणे.
- अंगावर पाजणारी आई. पहिले सहा आठवडे ही गोळी घ्यायचीच नाही आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो टाळायची.
- पाजत नसली तरी बाळंतपणानंतरचे पहिले तीन आठवडे.
- मोठे ऑपरेशन होऊन अंथरुणावर पडून राहावे लागणार असणे.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे गोळीचा असर कमी करतात. बाई गोळी नेमाने घेते, तरी दिवस जातात. म्हणून चालू असलेली सगळी औषधे सोबत न्या.

तपासणीची भीती नको

‘आतून तपासतील’ या लाजेने अनेक जणी केंद्राची पायरी चढत नाहीत. खरे तर गोळी सुरू करण्यासाठी अशा तपासणीची किंवा रक्तचाचणीची सर्वसाधारणपणे गरज नसते. लागते ते बीपी मोजणे आणि नीट विचारपूस. वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या गावच्या उपकेंद्रात सिस्टरकडे हे होऊ शकते. सीमेपलीकडे दोडामार्ग, खानापूर भागात आशाताई माला-एन घरपोच देतात, पण तिथेही एकदा बीपी मोजून घ्यावेच.

चवथीच्या गोळ्या वेगळ्या

चवथ, लग्न किंवा देवकार्य आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. त्यात बहुधा नॉरेथिस्टेरॉन असते. ते हार्मोनच आहे आणि शरीरात त्याचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून गुठळी, यकृत आणि अर्धशिशीबद्दलचे प्रश्न इथेही लागू आहेत. आणि त्या घेतल्या म्हणजे गर्भ राहणार नाही, असे समजू नये. ‘चारच दिवसांचा प्रश्न’ म्हणून मामी-मावशीच्या सांगण्यावरून घेण्यापेक्षा आधी डॉक्टरांना विचारा.

गोळी चालत नसेल तर?

पर्याय आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ‘छाया’ गोळी हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, आणि पाजणाऱ्या आईलाही ती चालते. नुकतीच कावीळ झालेल्यांनी मात्र ती टाळावी. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, कॉपर-टी आहे, निरोध आहे. लैंगिक आजारांपासून वाचवतो तो फक्त निरोध.

सुरू केल्यावर

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केली तर लगेच संरक्षण मिळते. नंतर सुरू केली तर सात दिवस निरोध वापरावा. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. दोन किंवा जास्त चुकल्या तर सात दिवस निरोध वापरावा आणि सिस्टरला विचारावे. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ होणे किंवा मध्येच डाग दिसणे नवीन नाही. ‘गोळीने पुढे मूल होत नाही’ हा गैरसमज आहे. बंद केल्यावर दिवस जाऊ शकतात.

पण एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, धाप लागली, कधी नव्हे असे डोके दुखले, दिसायला अडचण आली किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे पोचल्यावर ‘मी गर्भनिरोधक गोळी घेते’ हे पहिल्यांदा सांगा. सासू किंवा दीर सोबत आहे म्हणून गप्प राहू नका. डॉक्टरांना गुठळीचा संशय येण्यासाठी हे एक वाक्य फार मोलाचे असते.