अमिताभचा बिल्ला आणि बाबासाहेबांची तसबीर

अमिताभ बच्चन या नटाचे नाव ठाऊक नाही, असे घर आमच्या अकोले तालुक्यात शोधूनही सापडणार नाही. राजूरच्या बाजारपेठेत, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वाड्यावस्त्यांवर, आश्रमशाळांच्या वसतिगृहांत आणि आमच्या बौद्ध वस्तीतही तीन पिढ्या या नटावर जीव टाकीत आल्या आहेत. आजोबांनी त्याला संगमनेरच्या थिएटरात पाहिले, वडिलांनी भाड्याच्या व्हीसीआरवर रात्र जागून पाहिले आणि नातू आता मोबाइलवर पाहतो आहे. एखादा माणूस इतकी वर्षे समाजाच्या मनात घर करून राहतो, तेव्हा त्याने आपल्या घरात काय आणून ठेवले आणि काय आणलेच नाही, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. ज्यांची मुले आज शाळा-कॉलेजात आहेत त्या माता-पित्यांनी तर तो जरूर मांडावा.

जमेची बाजू

प्रथम जमेची बाजू पाहू. १९७३ साली ‘जंजीर’ आला आणि हिंदी सिनेमाचा नायक बदलला. बागेत गाणी म्हणणाऱ्या नायकाच्या जागी चिडलेला, अबोल, अन्याय सहन न करणारा तरुण उभा राहिला. सलीम-जावेद या लेखक जोडीने तो लिहिला आणि अमिताभने तो उभा केला. पाठोपाठ १९७५ साली ‘दीवार’ आला. त्यातला विजय गोदीत हमाली करतो, दंडावर ७८६ क्रमांकाचा बिल्ला बाळगतो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांना आव्हान देतो. त्याची आई बांधकामावर विटा वाहते. १९७९ च्या ‘काला पत्थर’मध्ये तो कोळशाच्या खाणीत उतरतो. डिसेंबर १९७५ मध्ये बिहारमधील (आताच्या झारखंडमधील) चासनाला येथील खाणीत पाणी शिरून तीनशे सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले होते, त्या घटनेची सावली या चित्रपटावर आहे. १९८३ च्या ‘कुली’मध्ये तो रेल्वे स्टेशनवरचा हमाल झाला. कष्टकऱ्याच्या अंगावरचा बिल्ला हा पडद्यावर मानाचा दागिना झाला, हे काही लहान काम नव्हे.

‘दीवार’मधील दोन प्रसंग आमच्या वस्तीतील जुन्या माणसांच्या आजही तोंडी आहेत. पहिला प्रसंग बूटपॉलिश करणाऱ्या पोराचा. गिऱ्हाईक पैसे जमिनीवर फेकते आणि हा पोर ते उचलायला नकार देतो. पैसे हातात द्या म्हणतो. गेल्या वर्षी आमच्या समाजमंदिरात काही शनिवारी आम्ही चित्रपट दाखविले व नंतर चर्चा ठेवली. त्या वेळी एक ज्येष्ठ बांधव उठून म्हणाले, “लांबून टाकलेला पैसा आन् वरून वतलेलं पाणी, दोन्ही आमी सोसलंय. त्या पोरानं नाही म्हनलं तवा आमच्या अंगावर काटा आला व्हता.” सभेत बसलेल्या मुलांना वरून ओतलेल्या पाण्याचा अर्थ विचारावा लागला. तो त्यांना विचारावा लागला, हीदेखील चळवळीची कमाईच समजली पाहिजे.

दुसरा प्रसंग हातावर गोंदविलेल्या अक्षरांचा. बापाच्या कथित गुन्ह्याबद्दल लहान मुलाच्या हातावर लोक जबरदस्तीने गोंदण करतात, आणि पुढे श्रीमंत झाला तरी ते पुसले जात नाही. ज्याने कोणताही अपराध केलेला नाही त्याच्या अंगावर जन्मभराचा शिक्का! ज्या समाजाने जन्माबरोबर चिकटलेला शिक्का शतकानुशतके वाहिला, त्याला हे गोंदण समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

नावेची बाजू

आता दुसरी बाजू पाहू. हा नायक चिडलेला होता, परंतु त्या काळात खरोखर चिडलेले तरुण कोण होते? १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. खेड्यापाड्यांत बहिष्कार, विटंबना आणि खून होत असताना गप्प बसणार नाही, असे सांगत ही पोरे रस्त्यावर आली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली व त्यात भागवत जाधव शहीद झाले. ज्या मुंबईत ‘जंजीर’ आणि ‘दीवार’ तयार झाले त्याच मुंबईत हे घडत होते. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जाळण्यात आली. त्याच वर्षी ‘त्रिशूल’, ‘डॉन’ आणि ‘मुकद्दर का सिकंदर’ हे अमिताभचे चित्रपट गर्दी खेचीत होते. त्या पडद्यावर ही जळणारी घरे आली नाहीत.

त्याच्या विजयला बहुतेक वेळा गरिबी होती, जात नव्हती. तो हमाल झाला, खाणकामगार झाला, पण हमालीला आणि खाणीत कोणाची मुले पिढ्यान् पिढ्या जातात, हा प्रश्न त्या चित्रपटांनी विचारला नाही. आमच्या लोकांनी मात्र त्याला आपलाच मानले. त्याने बिल्ला दाखविला आणि आम्ही त्यामागे आपले दुःख वाचून घेतले.

दुसरी खोट त्याहून मोठी आहे. तो नायक नेहमी एकटा लढला. संघटना नाही, सभा नाही, वाचन नाही. ‘दीवार’चा विजय धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी स्वतः शाळेवर पाणी सोडतो. भाऊ शिकून पोलीस अधिकारी होतो आणि विजय तस्कर होऊन त्याच भावाच्या गोळीने मरतो. टाळ्या मात्र विजयला पडतात! आमच्या पोरांनी केस कोणासारखे वाढविले, चालले-बोलले कोणासारखे? विजयसारखे. शिकणारा रवी कोणाला नको होता. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. त्या तीनपैकी शेवटची गोष्ट तेवढी सिनेमाने उचलली, आणि पहिल्या दोहोंवाचून केलेल्या संघर्षाचा शेवट काय होतो तेही दाखविले. आमच्या घरांतून शेवटाकडे कोणी लक्ष दिले नाही.

‘आरक्षण’चा अनुभव

पुढे २०११ च्या ऑगस्टमध्ये प्रकाश झा यांचा ‘आरक्षण’ प्रदर्शित झाला. त्यात अमिताभ प्रभाकर आनंद या प्राचार्याच्या भूमिकेत होता आणि सैफ अली खान याने दीपक कुमार हा दलित शिक्षक रंगविला. प्रदर्शनापूर्वीच वादळ उठले. उत्तर प्रदेशात चित्रपटावर बंदी आली, ती सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात उठविली.

चित्रपट पाहिल्यावर मात्र आमच्यापैकी अनेकांची निराशा झाली. पूर्वार्धात आरक्षणावर वादविवाद होतो, दीपक चार खणखणीत उत्तरेही देतो. परंतु उत्तरार्धात कथा खासगी शिकवणी वर्गांच्या बाजारीकरणाकडे वळते आणि आरक्षणाचा मूळ प्रश्न बाजूला राहतो. शिकवण्यांचा बाजार हा खरा प्रश्न आहे, तो आमच्याही मुलांना छळतो. तरीदेखील चित्रपटाचे नाव ‘आरक्षण’ आणि मध्यभागी उभा आहे तो सज्जन, त्यागी प्राचार्य! दलिताचा प्रश्न दलितेतर सज्जनाच्या चांगुलपणावर सोपवून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. बाबासाहेबांनी तर हक्क मागितले होते.

‘झुंड’मध्ये काय बदलले?

४ मार्च २०२२ रोजी ‘झुंड’ प्रदर्शित झाला, तेव्हा अमिताभचे वय ७९ वर्षांचे होते आणि ‘जंजीर’ला जवळपास ४९ वर्षे झाली होती. दिग्दर्शक नागराज मंजुळे. ज्याने ‘फँड्री’मध्ये आपल्याच जिल्ह्यातील अकोळनेर गाव दाखविले आणि डुक्कर वाहून नेणाऱ्या माणसांमागे शाळेच्या भिंतीवरील महामानवांची चित्रे उभी केली, तोच हा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा कलावंत. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकविण्याचे जे कार्य केले, त्यावर ‘झुंड’ आधारलेला आहे. अमिताभच्या पात्राचे नाव येथेही विजय आहे, विजय बोराडे. पण हा विजय कोणाला मारीत नाही. तो मुलांना खेळायला लावतो, ऐकून घेतो आणि एकेकट्या भरकटलेल्या पोरांचा संघ बांधतो. पोरेही बव्हंशी नागपूरच्या वस्त्यांतून आलेली, यापूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर न उभी राहिलेली.

या चित्रपटात भीमजयंती आहे. निळे झेंडे, मिरवणूक, पोरांचा नाच आणि बाबासाहेबांची भव्य तसबीर. त्या तसबिरीपुढे अमिताभ हात जोडून नतमस्तक होतो. आमच्या समाजमंदिरात हे दृश्य आले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग जो जयभीमचा गजर झाला तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला. ज्या नायकाच्या बिल्ल्यामागे आमच्या बापजाद्यांनी आपले दुःख मनातल्या मनात वाचले, त्याच्यामागे आमच्या बापाची तसबीर उघडपणे यायला अर्धे शतक लागले.

वाचकहो, यात बदलले काय, याचा शांतपणे विचार करा. नट तोच, आवाज तोच, पात्राचे नावदेखील तेच. बदलला तो कॅमेऱ्यामागचा माणूस. ज्याने गावकुसाबाहेरचे जगणे भोगले आहे त्याच्या हाती लेखणी आणि कॅमेरा आला, म्हणून ती तसबीर तेथे आली. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’मध्येही हेच दिसले. सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन समोर बसले असताना, २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाचे दहन केले, हा प्रश्न अमिताभने विचारला. देशातील घराघरांत मनुस्मृतीचे नाव पोहोचले. त्यावरून पोलिसांकडे तक्रारीही झाल्या. नट बोलतो ते दुसऱ्याने लिहिलेले असते. लिहिणारा कोण, हे म्हणूनच महत्त्वाचे.

‘झुंड’विषयीही मतभेद आहेत. पोरांना बाहेरचा गुरुजीच का वाचवितो, असा प्रश्न चर्चेत एका कॉलेजकन्येने केला आणि तो रास्त आहे. परंतु त्याच चित्रपटातील मोनिकाचा प्रसंग आमच्या भागात सर्वांत जास्त बोलला. रिंकू राजगुरूने रंगविलेली ही आदिवासी मुलगी. परदेशी खेळायला जायचे तर पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी कागद हवेत, आणि कागदांसाठी तिचा बाप तिला घेऊन वणवण फिरतो. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. दाखल्यांसाठी वाड्यापाड्यांतून येणारे असे बाप आम्ही नित्य पाहतो. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडेच आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला जातो! आम्ही स्वतः कारकुनी करतो. टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्याने हा प्रसंग एकदा पाहावा, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. त्या शनिवारनंतर आमच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतील दहावी-बारावीच्या मुलांचे कागद तपासले. कोणाच्या नावात काना-मात्रेचा फरक, कोणाकडे जुनी नक्कलच नाही. प्रवेशाच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा ते काम आता हाती घेतले आहे.

घरात काय करावे?

चित्रपट पाहू नका, असे आम्ही सांगणार नाही. कष्टाने थकलेल्या माणसाला करमणूक हवीच. परंतु नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिभक्तीविषयी जो इशारा दिला, तो पडद्यावरील नायकालाही लागू करावयास हरकत नाही. नटाच्या कलेची कदर करावी, त्याची आरती करू नये. अमिताभ तसबिरीपुढे झुकला याचा आनंद जरूर मानावा, पण बाबासाहेबांची थोरवी कोणाच्या झुकण्यावर अवलंबून नाही, हे मुलांना त्याच वेळी सांगावे.

माता-भगिनींना आमची विनंती आहे की, मुले मोबाइलवर एकेकटी सिनेमा पाहतात, त्याऐवजी महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून पाहावा आणि नंतर दोन प्रश्न विचारावेत: यात आपल्यासारखी माणसे कोठे आहेत? आणि हे लिहिले कोणी? दुसरी विनंती तरुण मंडळांना. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेवर जे पैसे जातात, त्यातील निम्मे तरी अभ्यासिकेसाठी, एका फुटबॉलसाठी आणि समाजमंदिरातील पडद्यासाठी काढून ठेवावेत. आमच्या वस्तीत या प्रस्तावाला विरोध आहे आणि तो मोठा आहे. वर्षातून एक दिवस तर नाचू द्या, असे पोरे म्हणतात. नाचा, जरूर नाचा. ‘झुंड’मधील पोरेही नाचली. मात्र दुसऱ्या दिवशी ती मैदानावर होती, एवढे लक्षात ठेवा.

समाजमंदिरातील त्या कॉलेजकन्येला आम्ही सांगितले की तुझा प्रश्न कागदावर उतरव, पुढील बैठकीत वाचून दाखव. तिने चार पाने लिहिली आहेत. राजूर-अकोले भागातील आश्रमशाळा, वसतिगृहे आणि बौद्ध वस्त्या यांमधून अशी चार-चार पाने लिहिणारी मुले-मुली निघाली, तर पुढची अर्धी शतके कोणत्या नटाची वाट पाहत बसावे लागणार नाही.

जयभीम!