विश्लेषण : अंगणातला ‘फायर बाउल’ पेटवताना काय सांभाळावे?

थंडी पडू लागली की कर्जत, मुळशी, इगतपुरीकडच्या फार्महाऊसवर शनिवारी रात्री चिकन, पनीर, कणसे निखाऱ्यांवर चढतात. पूर्वी त्यासाठी तीन विटांची चूल मांडली जाई. आता तिपाईवर ठेवलेला पसरट लोखंडी ‘फायर बाउल’ आला आहे. शेकायलाही तोच आणि भाजायलाही तोच. मात्र तो वापरण्याची रीत चुकली तर जेवण बिघडते आणि कधी जिवावरही बेतते.

ज्वाळेवर भाजावे की निखाऱ्यांवर?

निखाऱ्यांवरच. हुरडा आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ज्वाळेवर मांस बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. चरबी आगीत ठिबकली की निघणाऱ्या धुरातील घातक रसायने पदार्थावर बसतात. त्यामुळे लाकूड पेटल्यावर पाऊण ते एक तास थांबावे. निखाऱ्यांवर राखाडी थर आला की ते एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पसरावेत. जास्त आचेवर रंग आणावा, कमी आचेवर आतून शिजवावे. चिकनचे आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे.

कोणते लाकूड वापरावे?

बाभूळ, चिंच यांसारखे जड आणि पूर्ण वाळलेले. लाकडातील ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर धूर कमी होतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर ‘टण’ असा आवाज आला, तर लाकूड वाळले असे समजावे. प्लायवूड, सनमायका, रंग दिलेल्या फळ्या जाळू नयेत. त्यातील डिंक आणि रंग विषारी धूर सोडतात. कण्हेरीच्या फांद्याही वर्ज्य. पेटवायला सुक्या काटक्या आणि नारळाची शेंडी पुरे. रॉकेल, पेट्रोल ओतू नये.

घमेले किंवा पिंप चालेल का?

जस्ताचा मुलामा असलेले घमेले किंवा बादली वापरू नये. ती खूप तापली की जस्ताची वाफ निघते आणि ती श्वासात गेल्यास थंडी-तापासारखा त्रास होतो. रसायनांचे जुने पिंप कापून केलेली शेगडीही टाळावी.

बाउल कुठे ठेवावा?

घर, मंडप, झाडे यांपासून किमान १० फूट दूर, सपाट जमिनीवर. सुके गवत आधी काढावे. वारा सुटला असेल तर पेटवू नये. शेजारी पाण्याची किंवा वाळूची बादली हवीच.

सर्वांत मोठा धोका कोणता?

जेवण झाल्यावर उरलेले निखारे ऊब मिळावी म्हणून खोलीत किंवा तंबूत नेणे. धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. खिडकीची फट उघडी ठेवली तरी धोका टळत नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे दिसताच सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

देखभाल कशी करावी?

तापलेल्या बाउलवर पाणी ओतू नये. बीड असेल तर तडकते, पत्रा असेल तर वाकतो. निखारे आपोआप विझू द्यावेत. राखेखाली आग २४ तासांनंतरही धुमसत राहू शकते, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढावी. प्लास्टिकच्या कचरापेटीत नाही. राख बाउलमध्ये साठू देऊ नये. तिला दमट हवा लागली की लोखंड झपाट्याने गंजते. दर वेळी ब्रशने घासून जाळीला आणि आतल्या बाजूला खाद्यतेलाचा पातळ हात फिरवावा. पावसाळ्यात बाउल आडोशाला पालथा ठेवावा. स्वच्छ लाकडाची राख थोडी थोडी कंपोस्टमध्ये मिसळता येते.